माशांसाठी शिडी झाली, आजाराचं काय?

धरणाच्या वादात माशांची बाजू मांडायची वेळ आली की सगळी चर्चा एका प्रश्नापाशी येऊन थांबते: मासा भिंतीपलीकडे जाणार कसा? मग पायऱ्यापायऱ्यांच्या मत्स्यमार्गाचे आराखडे निघतात, कुठे माशांसाठी लिफ्ट बसते, कुठे पिल्लं ट्रकमध्ये भरून खाली नेऊन सोडतात. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. जो मासा भिंतीखाली अडला, किंवा भिंतीआडच्या साठ्यात वाढला, तो तिथे धडधाकट राहतो का, हे फारसं कुणी विचारत नाही. माणसांच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारायला शिकलो आहोत. नवा जलाशय झाला की हिवताप वाढेल का, गोगलगायींमधून पसरणारा शिस्टोसोमियासिस येईल का, हे आता प्रकल्प अहवालात निदान लिहावं तरी लागतं. सेनेगल नदीवर 1986 मध्ये दियामा धरण पूर्ण झालं आणि दोन-तीन वर्षांतच वरच्या भागात त्या रोगाची मोठी साथ आली, तेव्हापासून तर हे उदाहरण पाठ्यपुस्तकातलं झालं आहे. माशांच्या रोगांना मात्र अहवालात स्वतंत्र रकाना क्वचितच मिळतो.

माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. धरणामुळे मासे आजारी पडतात असं म्हटलं की बोट भिंतीकडे जातं. रोगाचं मूळ बहुतेक वेळा भिंतीपेक्षा पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात असतं. आणि ज्या ‘किमान प्रवाहा’ला आपण नदीवरचा उपकार समजतो, तो बारमाही एकसारखा प्रवाहच काही परजीवींना सर्वांत जास्त मानवतो.

हे समजायला परजीवीच्या संसारात डोकवावं लागतं. माशांच्या अनेक परजीवींचं एका यजमानावर भागत नाही. आयुष्याचा एक टप्पा माशात, दुसरा एखाद्या गोगलगायीत, किड्यात किंवा सूक्ष्म कवचधारी जीवात, कधी तिसरा पक्ष्याच्या आतड्यात. साखळीतली एक कडी तुटली की परजीवी संपतो, एक कडी फोफावली की साथ येते. मोकळ्या नदीत ही मधली कडी दरवर्षी झोडपली जाते. पुराने तळाचे गोटे लोळतात, वाळू खरवडली जाते, शेवाळ उपटून निघतं आणि त्यात घर करून बसलेले किडे वाहून जातात. धरण पुराचा माथा कापतं आणि वाळू-गोटे आपल्या पोटात ठेवून घेतं. खाली जातं ते निवळ, मोजून सोडलेलं पाणी. तळ हलेनासा होतो, गोट्यांवर शेवाळाच्या जाड गाद्या चढतात आणि किड्यांना वर्षानुवर्षं कुणी उठवत नाही.

याचं सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली क्लॅमथ नदी. ओरेगनमध्ये उगम, कॅलिफोर्नियातून पॅसिफिकपर्यंत साधारण 400 किलोमीटरचा प्रवास. तिच्यावरचं सर्वांत खालचं धरण, आयर्न गेट, 1962 मध्ये बांधून झालं. त्याला मत्स्यमार्ग नव्हता, बदल्यात अंडी उबवून पिल्लं सोडण्याचं केंद्र होतं. या नदीत सेरॅटोनोव्हा शास्ता नावाचा एक सूक्ष्म परजीवी राहतो. तो बाहेरून आलेला पाहुणा नाही. सॅमन मासे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाण्यात नांदत आले आहेत. त्याचा दुसरा यजमान म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा एक किडा. हा किडा गाळ आणि स्वतःचा चिकट स्राव यांची नळी बांधून तीत राहतो, डोक्यावरचा पिसाऱ्यासारखा झुपका बाहेर काढतो आणि वाहत आलेलं खातो. संथ पाणी, बारीक गाळ, शेवाळाची गादी, ही त्याची आवडती जागा.

आता या दोघांची गाठ धरणाखाली कशी पडते पाहा. पॅसिफिक सॅमन समुद्रातून नदीत चढतो, अंडी घालतो आणि मरतो. हा त्याचा ठरलेला शेवट. पूर्वी ही मढी शेकडो किलोमीटरच्या उपनद्यांमध्ये विखुरलेली असत. भिंत आली तसे मासे तिच्या पायथ्याशी येऊन अडले, तिथेच दाटीवाटीने अंडी घालू लागले आणि तिथेच मरू लागले. रोगट मेलेल्या एका माशातून लाखो बीजाणू पाण्यात जातात. खालच्या टप्प्यात नळीतले किडे पिसारा पसरून तयारच असतात. त्यांच्या शरीरात परजीवी रूप बदलतो आणि वसंतात पाणी तापू लागलं की नव्या रूपातले बीजाणू बाहेर पडतात. नेमक्या याच आठवड्यांत सॅमनची बोटभर पिल्लं समुद्राकडे निघालेली असतात. बीजाणू कल्ल्यातून आत शिरतो, रक्तावाटे आतड्यात पोचतो आणि आतड्याचं अस्तर कुजवतो. पिल्लाचं पोट फुगतं, गुदद्वार लाल होऊन सुजतं. पाणी जितकं कोमट तितकी मरण्याची घाई.

2014 आणि 2015 या दुष्काळी वर्षांत तपासलेल्या चिनूक सॅमनच्या पिल्लांपैकी अनुक्रमे 81 आणि 91 टक्के या परजीवीने बाधित निघाली. नदीकाठच्या युरोक आणि हूपा व्हॅली या आदिवासी समाजांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांची मागणी निव्वळ ‘जास्त पाणी सोडा’ अशी नव्हती. किड्यांच्या वसाहती खरवडून निघतील असा जोरदार लोंढा हिवाळ्याच्या अखेरीस सोडा, ही ती मागणी. 2017 मध्ये संघराज्य न्यायालयाने ती मान्य केली. पुढे जी पद्धत बसली तीत आयर्न गेटखाली सलग 72 तास सहा हजारांवर क्युसेकचा विसर्ग ठेवायचा असे. म्हणजे वर्षातले तीन दिवस. रोग आटोक्यात ठेवण्यासाठी न्यायालयाने पुराचा हुकूम द्यावा, ही मला आपल्या काळातली मोठी विलक्षण गोष्ट वाटते. जे काम नदी दरवर्षी फुकटात करत होती, त्यासाठी वकील लावावे लागले.

2021 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला आणि त्या वसंतात तो लोंढा सोडला गेला नाही. वरच्या भागातल्या सिंचन प्रकल्पाचा मुख्य कालवाही बंद ठेवला गेला. मे महिन्यात नदीत लावलेल्या सापळ्यांत येणारी बहुतेक पिल्लं मेलेली होती. शेतकरीही कोरडा, मासाही मेला. ‘शेतकरी विरुद्ध मासा’ अशी जी कुस्ती दरवेळी लावली जाते, तिच्यातला पोकळपणा या एका वर्षाने दाखवून दिला. भांडण दोघांचं नव्हतं. दोघांचाही हिशेब एकाच तळाला गेलेल्या साठ्यावर मांडलेला होता.

क्लॅमथचाच आणखी एक प्रसंग आहे आणि त्यातला रोग वेगळा आहे, म्हणून तो मुद्दाम सांगतो. सप्टेंबर 2002 मध्ये नदीच्या खालच्या टप्प्यात किमान 34,000 प्रौढ सॅमन काही दिवसांत मेले. वर्षभरापूर्वी शेतीचं पाणी तोडल्यामुळे मोठा गदारोळ झाला होता. 2002 मध्ये शेतीला पाणी मिळालं आणि नदी उतरली. त्यात त्या हंगामात मासे भरपूर आले होते. उथळ, कोमट पाण्यात ते दाटीने अडकले. त्यांना मारलं ते दोन अगदी सामान्य रोगांनी. एक कल्ले कुजवणारा जिवाणू आणि दुसरा ‘इक’, म्हणजे काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. इकला मधला यजमान लागतच नाही. त्याची एक पेशी तळाला बसून शेकडो पिल्लांत फुटते आणि त्या प्रत्येक पिल्लाला थोडक्या वेळात मासा गाठावा लागतो, नाहीतर ते मरतं. वाहत्या, थंड पाण्यात ही शर्यत बहुतेक पिल्लं हरतात. साचल्यासारख्या पाण्यात, जिथे शेजारचा मासा वीतभर अंतरावर आहे, तिथे जिंकतात. 2014 च्या सप्टेंबरमध्ये तोच परजीवी पुन्हा दिसू लागला, तेव्हा ट्रिनिटी या उपनदीवरच्या लुइस्टन धरणातून तातडीने जादा पाणी सोडलं गेलं. त्या वर्षी 2002 सारखी मरतूक झाली नाही. एका प्रसंगावरून सिद्धांत मांडू नये हे मला मान्य आहे. पण रोग वाढताना दिसतोय, पाणी हातात आहे आणि ते कधी सोडायचं हे ठरवणारा माणूस जागेवर आहे, अशी व्यवस्था असली तर काय करता येतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

साठलेल्या पाण्याची गोष्ट निराळी. तिथे गोगलगायी, गाळातले किडे आणि सूक्ष्म कवचधारी जीव यांना रान मोकळं मिळतं, शिवाय मासे खाणारे पक्षी येऊन बसतात. लिग्युला नावाचा फीतकृमी याच त्रिकुटावर जगतो: आधी सूक्ष्म कवचधारी, मग रोहू-कटल्याच्या कुळातले मासे, शेवटी पक्षी. बाधित माशाचं पोट चिरलं तर आत अवयवांपेक्षा पांढऱ्या फितीच जास्त दिसतात, चपट्या, दाबून भरलेल्या. असा मासा लगेच मरत नाही. पण त्याची जननग्रंथी वाढत नाही, तो अंड्यावर येत नाही आणि पाण्याच्या वरच्या थरात सुस्तावून पक्ष्याच्या चोचीत आयता जातो. जलाशयात मत्स्यबीज सोडून उत्पादनाचे आकडे मोजणाऱ्यांनी हा मासा एकदा स्वतः चिरून पाहावा.

कोलोरॅडो नदीच्या वरच्या भागातला विंडी गॅप हा जलाशय तर अगदीच किरकोळ. 1985 मध्ये पाणी उपसून डोंगरापलीकडे नेण्यासाठी बांधलेलं उथळ तळं. पण त्याच्या तळाशी गाळ साचला आणि गाळात ट्यूबिफेक्स माजला. हा तोच लाल दोऱ्यासारखा किडा, जो शोभेच्या माशांना खाऊ घालतात. ‘चक्री रोगा’चा परजीवी या किड्यात वाढतो आणि ट्राउटच्या पिल्लांच्या कोवळ्या कूर्चेवर हल्ला करतो. पिल्लू स्वतःच्याच शेपटीमागे गोल गोल फिरत राहतं. 1990 च्या दशकात या तळ्याखाली रेनबो ट्राउटची नवी पिढी जवळजवळ दिसेनाशी झाली. आता इथे धरणाला एकट्याला फासावर देणं अन्याय होईल. रोग मुळात युरोपातला, तो कोलोरॅडोत पसरला बाधित मासे नदीत सोडल्यामुळे. आणि रेनबो ट्राउट तरी त्या नदीचा मूळ रहिवासी कुठे आहे? पण आलेल्या रोगाला कारखाना मिळाला तो या तळ्यात. त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. धरण पाडलं नाही. तळं लहान केलं आणि त्याला वळसा घालून नदीसाठी नवा प्रवाहमार्ग खोदला. 2023 मध्ये तो वाहता झाला. पाणी उपसणाऱ्यांचं काम चालू राहिलं आणि नदीला गाळाच्या त्या हौदातून जायची सक्ती उरली नाही.

आणि पाणी सोडलं की भलंच होतं, असंही नाही. उंच सांडव्यावरून पाणी खोल कुंडात कोसळतं तेव्हा हवा दाबाने विरघळते आणि पाणी वायूने अतिसंपृक्त होतं. असं पाणी कल्ल्यातून गेलं की माशाच्या रक्तात, डोळ्यांमागे, परांत बुडबुडे धरतात. 1968 मध्ये कोलंबिया नदीवर जॉन डे धरण भरलं तेव्हा टर्बाइन पुरते तयार नव्हते. पाणी सांडव्यावरून गेलं आणि खाली सॅमन या विकाराने मोठ्या प्रमाणात मेले. पुढे त्या नदीवरच्या सांडव्यांना पाणी आडवं फेकणारे ओठ बसवले गेले. म्हणजे प्रश्न ‘किती’चा कमी आणि ‘कधी, कसं, कुठून’चा जास्त आहे.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला: धरण नसलं तरी मासे मरतातच. ऑगस्ट 2016 मध्ये यलोस्टोन नदीत हजारो व्हाइटफिश मूत्रपिंड सुजवणाऱ्या एका परजीवीने मेले आणि मोन्टाना राज्याला सुमारे 295 किलोमीटर नदी लोकांसाठी बंद करावी लागली. यलोस्टोनच्या मुख्य प्रवाहावर पाणी साठवणारं एकही मोठं धरण नाही. पण त्या ऑगस्टमध्ये तिथे काय होतं? उतरलेली नदी आणि तापलेलं पाणी. धरणाशिवाय ही स्थिती एखाद्या वाईट वर्षी येते. धरणाखाली ती चुकीच्या वेळापत्रकाने दरवर्षी आणता येते आणि खोल साठ्यातलं थंड पाणी शहाणपणाने सोडलं तर टाळताही येते. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला उलट बळच देतो.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. भिंत रोगालाही अडवते. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांत सागरी लॅम्प्रे हा रक्त शोषणारा, बामसारखा दिसणारा मासा शिरला आणि त्याने लेक ट्राउटचा धंदा बसवला. तोही परजीवीच. तो अंडी घालायला उपनद्यांत चढतो, म्हणून तिथे बुटके बंधारे मुद्दाम राखले जातात. जुना बंधारा मोडकळीला आला की वरचा नवा प्रदेश लॅम्प्रेला खुला होतो. ओरेगनमध्ये डेशूट्स नदीवरच्या धरणांपलीकडे सॅमन पुन्हा नेताना चक्री रोगही सोबत वर जाईल का, ही चिंता तज्ज्ञांना होती. तेव्हा ‘पाडा’ ही घोषणा देणाऱ्यांनीही आधी वरचं आणि खालचं पाणी, वरचे आणि खालचे मासे तपासून घ्यायला हवेत. प्रत्येक भिंत पाडण्याजोगी नसते आणि प्रत्येक भिंत राखण्याजोगीही नसते.

तिसरा आक्षेप गमतीदार आहे: धरणाने काही परजीवी संपतातही, आणि परजीवी गेले तर बरंच की! गोड्या पाण्यातले अनेक शिंपले बालपणी माशांच्या कल्ल्यांना चिकटून परजीवी म्हणून जगतात. मिसिसिपीवर 1913 मध्ये केओकक धरण झालं, स्किपजॅक हेरिंग मासा वर जाईनासा झाला आणि त्याच्याच कल्ल्यांवर वाढणारा इबनीशेल नावाचा शिंपला वरच्या मिसिसिपीतून जवळजवळ नाहीसा झाला. एके काळी याच शिंपल्यांपासून सदऱ्याची बटणं बनत. हे शिंपले दिवसरात्र पाणी गाळत असतात. त्यामुळे धरण ‘परजीवी वाढवतं’ असंही सरसकट म्हणता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या माशावर अवलंबून असलेले परजीवी ते संपवतं आणि गाळात, शेवाळात, साचलेल्या पाण्यात सुखी असणारे वाढवतं. आपल्या वाट्याला नेमके दुसऱ्या जातीचे उरतात.

मग करायचं काय? क्लॅमथवर चार धरणं पाडली गेली. पहिलं 2023 मध्ये, उरलेली तीन 2024 मध्ये. ती विजेसाठी होती, सिंचनाचं पाणी त्यांतून जात नव्हतं आणि नव्या परवान्यासाठी लागणारे मत्स्यमार्ग बांधण्यापेक्षा पाडणं परवडणारं होतं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सॅमन ओरेगनमधल्या उपनदीत दिसले, 1912 नंतर प्रथमच. आता मढी एका पायथ्याशी साचणार नाहीत आणि वाळू पुन्हा सरकेल, म्हणून रोग उतरेल अशी अपेक्षा आहे. पण उत्सवात एक गोष्ट विसरली जाते. लिंक रिव्हर आणि कीनो ही वरची दोन धरणं अजून उभी आहेत, वरच्या सरोवरातलं पाणी शेतीला जातंच आहे आणि खाली कधी किती सोडायचं हा निर्णय आजही माणसाच्याच हातात आहे. चार भिंती गेल्या, वेळापत्रक राहिलं.

जगातली बहुतेक धरणं पाडली जाणार नाहीत आणि त्यांतली पुष्कळशी पाडूही नयेत. म्हणून आग्रह धरायचा तो वेळापत्रकाचा. पर्यावरणीय प्रवाहाचा नियम म्हणजे ‘अमुक टक्के पाणी बारमाही’ अशी एक ओळ लिहून मोकळं व्हायचं, हे थांबायला हवं. त्यात तळ खरवडणारा लोंढा हवा, तोही मधल्या यजमानाची वसाहत जोर धरण्याआधी. पिल्लं खाली उतरण्याच्या आठवड्यांत पाण्याचं तापमान किती असावं हे हवं. खाली घरं आणि पूल आहेत, लोंढा कसा सोडणार, असं अभियंते विचारतील आणि ते बरोबर आहे. म्हणून लोंढा आधी जाहीर करून, ठरल्या तासांत, ठरल्या उंचीपर्यंतच सोडायचा असतो. तीन दिवसांच्या पाण्याची वीज बुडेल, थोडा साठा कमी होईल. ती किंमत आहे आणि ती कुणी भरायची हे उघडपणे ठरलं पाहिजे. आज ती नदीकाठचा कोळी मुकाट्याने भरतो आणि कुठल्याही ताळेबंदात ती दिसत नाही.

यासाठी लागणारं शास्त्र फार महागडंही नाही. क्लॅमथवर संशोधक ठरावीक जागांवरून पाण्याच्या बाटल्या भरून नेतात आणि त्यात परजीवीचं डीएनए मोजतात. एका लिटरमध्ये किती बीजाणू आहेत यावरून पिल्लांना धोका किती याचा अंदाज मरतूक सुरू होण्याआधी बांधता येतो. धरणाच्या दारापाशी पाण्याची पातळी तासातासाला नोंदली जाते, मग हा आकडा आठवड्यातून एकदा नोंदायला काय हरकत आहे? आणि तो निव्वळ नोंदून चालणार नाही. तो एका मर्यादेवर गेला की विसर्ग बदलण्याचा अधिकार कुणाला, हेही परवान्यात लिहिलेलं हवं. अमेरिकेत जलविद्युत प्रकल्पाचा परवाना 30 ते 50 वर्षांचा असतो. इकचं जीवनचक्र उबदार पाण्यात आठवड्याच्या आत पुरं होतं. परवान्याचं नूतनीकरण येईपर्यंत वाट पाहणारी कुठलीही अट या रोगाच्या उपयोगाची नाही. ती पहिल्याच कागदावर असली पाहिजे.